असोद्याचे ऋण आणि विद्यापीठाचे संशोधन

विद्यापीठास एखाद्या व्यक्तीचे नाव देणे ही गोष्ट दिसावयास फार सोपी असते. पाटी रंगवावी, शिक्का नवा कोरावा, पदवीदानाच्या दिवशी भाषणात दोन वेळा नावाचा उच्चार करावा, की काम झाले. परंतु नाव हे नुसते भूषण नसून तो ऋणाचा कागदही असतो. आणि कागदावर सही करणाऱ्याने तो एकदा तरी वाचून पाहावा, अशी अपेक्षा करण्यात काही गैर आहे असे आम्हांस वाटत नाही. जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांच्या उच्च शिक्षणावर आज ज्यांचे नाव आहे, त्या बाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचे माहेर आमचे असोदा. विद्यापीठ जळगाव शहराच्या एका अंगाला, गिरणेच्या बाजूस आहे. असोदा दुसऱ्या अंगाला. मध्ये एक शहर आहे. ते ओलांडून संशोधकाने असोद्यास कशासाठी यावे, आणि परत जाताना काय ठेवून जावे, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

विषय नवीन नाही. 'समाजाभिमुख संशोधन', 'ज्ञानाचा प्रसार', 'तळागाळापर्यंत विज्ञान' असे शब्द सध्या इतके वापरले जातात की, त्यांचे काठ घासून गुळगुळीत झाले आहेत. ह्या सर्व शब्दांच्या मुळाशी एकच चित्र आहे: विद्यापीठ ही उंचावरील पाण्याची टाकी, लोक म्हणजे खाली मांडलेल्या रिकाम्या घागरी, आणि संशोधकाने नळ सोडावयाचा. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार ह्यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे. पण 'विस्तार' हा शब्द पाहावा. घर आधीचे असते, विस्तार मागाहून काढलेल्या पडवीचा होतो. पडवीत बसविलेल्या माणसास माजघरातील गोष्टी किती कळाव्यात, हे घरमालक ठरवितो. आमचे म्हणणे असे की, हे चित्रच उलटे टांगलेले आहे. भाषा, गाणी, चालीरीती, इतिहास, शेती, रोगराई ह्यांविषयीचे जे संशोधन ह्या तीन जिल्ह्यांत चालते, त्याचा कच्चा माल लोकांच्या घरांतून आणि शेतांतून जातो. घागरी भरलेल्या असतात. टाकी त्यांतून भरते. तेव्हा संशोधकाचे पहिले कर्तव्य ज्ञान वाटण्याचे नसून हिशेब देण्याचे आहे.

बहिणाबाईंचेच उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. बहिणाबाई १८८० मध्ये असोद्यास महाजनांच्या घरी जन्मल्या, लहानपणीच जळगावास चौधऱ्यांच्या घरी दिल्या गेल्या, तरुणपणी विधवा झाल्या, जात्यावर बसून आणि शेतात राबून त्यांनी गाणी रचली, आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. म्हणजे विद्यापीठ जन्मल्यापासून ह्या बाई जाईपर्यंत चौऱ्याण्णव वर्षे लोटली. ह्या चौऱ्याण्णव वर्षांत किती मराठीचे पदवीधर झाले असतील, किती जणांनी अलंकार आणि वृत्ते पाठ केली असतील! परंतु जळगावात एक शेतकरीण मराठी कवितेत भर टाकीत आहे, ही वार्ता विद्येच्या ह्या मंदिरास लागली नाही. ती लागली त्यांच्या मुलास, कवी सोपानदेव चौधरी ह्यांस. घरच्या माणसांनी ऐकून जे टिपून ठेवले होते तेवढेच उरले. आचार्य अत्र्यांना ते दाखविले गेले, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. बाई तोपर्यंत गेल्या होत्या. जे टिपले गेले नाही ते त्यांच्याबरोबर गेले. अध्यापकांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस शंका नाही. त्यांना त्या बाजूस कान द्यावयास कोणी सांगितलेच नव्हते. आज त्याच बाईंवर प्रबंध लिहिले जातात, चर्चासत्रे भरतात. सोने सापडल्यावर खाणीची मोजणी करणारे पुष्कळ येतात.

येथे घरची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यापीठातला एक संशोधक विद्यार्थी आमच्याकडे आला होता. कोणत्या विद्यापीठातला, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तो मुलगा सालस होता आणि दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आमच्या चुलतीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. गिरणी आल्यापासून जाते अडगळीत पडले होते. तेव्हा ती ओट्यावर बसून, हाताने नुसता खुंटा फिरविल्यासारखे करीत, तीन दुपारी म्हणत राहिली आणि हा ध्वनिमुद्रण करीत राहिला. तिने त्याला भरीत-भाकरी वाढली. "पुस्तक झालं की मले दाखवशीन ना रे भाऊ?" असे तिने विचारले, तो "हो" म्हणाला. त्यास पदवी मिळाली हे आम्हांस दुसऱ्यांकडून कळले. चुलती पुढे सात वर्षे जगली आणि दर वर्षी एकदा तरी तिने आम्हांस विचारले, "त्या पोऱ्याचं पुस्तक झालं का?" प्रबंध आम्ही अलीकडे पाहिला, तोही शोधगंगा नावाच्या प्रबंधांच्या भांडारात तो ठेवलेला आहे म्हणून. चुलतीचे नाव त्यात नाही. 'माहिती देणारी स्त्री, वय अंदाजे ६५, निरक्षर' अशी तिची नोंद आहे. आणि एके ठिकाणी 'घरोट' ह्या शब्दाचा अर्थ 'घरकाम' असा दिला आहे. आमच्याकडे घरोट म्हणजे जाते. ज्या वस्तूवरची गाणी गोळा करून त्याने पदवी मिळविली, त्या वस्तूचे नाव त्यास कळले नव्हते. आणि मार्गदर्शक, दोन बाहेरचे परीक्षक व तोंडी परीक्षेस बसलेली मंडळी ह्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नाही. हाच प्रबंध आमच्या ओट्यावर तासभर वाचला गेला असता, तर शाळेतल्या पोरीनेही ती चूक काढली असती.

ही एका शब्दाची गोष्ट झाली. पण बहिणाबाईंची भाषा अहिराणी होती, हे विधान आजवर किती वेळा छापले गेले असेल! खानदेशात अहिराणी बोलतात, बहिणाबाई खानदेशातल्या, म्हणून बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असा हा अनुमानाचा सरळ रस्ता आहे. आणि पुण्या-मुंबईच्या खुर्चीवरून पाहिले तर खानदेश हा एकच ठिपका दिसतो. वस्तुस्थिती अशी की, अहिराणीचा मुलूख मुख्यतः पश्चिमेकडचा: धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, तिकडे बागलाणापर्यंत. असोदा, जळगाव, भुसावळ, यावल, रावेर ह्या पट्ट्यात लेवा पाटीदारांच्या घरांत जी बोली बोलतात ती निराळी. तिला आज लेवा गणबोली म्हणतात, आणि तिची नाळ वऱ्हाडीशी अधिक जुळते. बहिणाबाई त्या बोलीत गात. अमळनेरच्या बाईला आणि असोद्याच्या बाईला समोरासमोर बसविले, तर भेद दोन वाक्यांत कळतो. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ल बोलींच्या शेजारी बसविले. पुढे पंडितांनी त्यावर पुष्कळ वाद केले. परंतु सामान्य लेखकाने मात्र दोन बोलींची सरमिसळ सुखाने चालू ठेवली. ज्यांना चूक दिसत होती ते वाचीत नव्हते, आणि जे वाचीत होते त्यांना चूक दिसत नव्हती. संशोधक आणि लोक ह्यांच्यामध्ये भिंत असली की लोकांचे नुकसान होते, हे सगळेच सांगतात. संशोधनाचेही होते, हे कोणी सांगत नाही.

ह्या प्रांतात निराळी रीत ठाऊक नव्हती असे मात्र नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि त्यांचे नाव लावलेले संशोधन मंडळ त्या गावात आहे. राजवाडे कोणत्याही विद्यापीठाचे अध्यापक नव्हते. गावोगाव पायपीट करून, जुन्या घरांच्या माळ्यावरची वाळवी लागलेली दप्तरे उकलून, मालकांची मनधरणी करून, प्रसंगी त्यांच्याशी भांडून त्यांनी कागद जमविले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. त्यांची कित्येक मते आज टिकत नाहीत; जातींविषयी आणि शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी ते जे बेधडक लिहीत, त्याचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही. परंतु एक गोष्ट त्यांनी हट्टाने पाळली: लिहावयाचे ते मराठीत. इंग्रजीत लिहिले असते तर युरोपात नाव झाले असते, हे त्यांस कळत नव्हते असे नाही. ज्या देशपांड्याच्या माळ्यावरून कागद आला, त्या देशपांड्यास तो छापून आल्यावर वाचता यावा, आणि राजवाड्यांनी काढलेला निष्कर्ष चुकला असेल तर दुसऱ्या घरातला दुसरा कागद पुढे करून त्यांच्याशी भांडता यावे, हा त्या हट्टाचा परिणाम. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यात नोकरदार, वकील, इनामदार, शाळामास्तर असे नाना प्रकारचे लोक टिपणे वाचीत. विद्वानांची ती सभा होती खरी. पण दाराला पदवीचे कुलूप नव्हते.

केतकरांचेही असेच. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी. होऊन आले. तिकडच्या नियतकालिकांत निबंध लिहून ते सुखाने राहते. त्यांनी मराठीत ज्ञानकोश करावयास घेतला, त्यासाठी भागभांडवलाची कंपनी काढली, आणि लोकांच्या दारी जाऊन ग्राहक जमविले. विद्वानाने वर्गणीची पावती फाडावी ह्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. तेवीस भाग पुरे झाले ते कोणा संस्थानिकाच्या एका देणगीवर नव्हेत. मध्यम स्थितीतल्या घरांनी हप्त्याने पैसे भरले म्हणून. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबांच्या कपाटात ते जाड खंड असतील.

उलट बाजूचे उदाहरणही दूर जाऊन शोधावयास नको. ते अमळनेरास आहे. श्रीमंत प्रताप शेठ ह्यांनी १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. गिरणीच्या त्या गावात हिंदुस्थानभरचे तत्त्वज्ञ येऊन राहिले, तेथून निघणाऱ्या इंग्रजी त्रैमासिकाचे नाव दूरवर गेले, आणि १९३० नंतरच्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा अव्वल दर्जाचा विचारवंत तेथे संचालक होता. ह्या कार्यास आम्ही लहान लेखीत नाही. परंतु बोरी नदीच्या काठच्या त्या गावास ह्यातले काय ऐकू आले? ह्याच भट्टाचार्यांचे 'विचारांतील स्वराज्य' ह्या विषयावरील व्याख्यान आजही वाचले जाते. परक्या कल्पना आपल्या भाषेच्या कल्पनांत उतरवून, पारखून घेतल्यावाचून आपला विचार आपला होत नाही, असे त्यांचे त्यात प्रतिपादन आहे. प्रतिपादन इंग्रजीत आहे, आणि सोप्या इंग्रजीत नाही. त्याच मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण अभ्यासासाठी आला होता. तो तेथे रमला नाही. १९२४ मध्ये तो त्याच गावच्या हायस्कुलात शिक्षक झाला, छात्रालयातील मुलांमध्ये राहू लागला, आणि त्यांच्यासाठी रोज स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढू लागला. पुढे साने गुरुजी म्हणून तो घरोघरी गेला. तत्त्वज्ञान मंदिर सोडणारा माणूस तत्त्वज्ञान घरोघर घेऊन गेला, आणि मंदिरात राहिलेले तत्त्वज्ञान ग्रंथालयात गेले. दोन्ही प्रकारची माणसे समाजास हवीत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एकाच गावात, हाकेच्या अंतरावर असून त्या दोहोंत जाण्यायेण्याची वाट पडू नये, हे आम्हांस आजही चमत्कारिक वाटते.

कोणी म्हणेल, ही भावनेची बडबड झाली. संशोधकाने लोकांस बांधील का असावे? त्यास पैशाच्या भाषेत उत्तर देऊ. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यातला मुख्य आक्षेप. तेव्हा शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयात नव्हता. आज आहे, कित्येकदा अध्यापकही तोच आहे. ह्या फरकाचा आम्हांस आनंद आहे. परंतु आक्षेप पुरता फिटला काय? असोद्याच्या घरातून निघालेला मुलगा प्रबंध लिहू लागला की, आपल्या आईस समजणार नाही अशा भाषेत लिहिणे हीच त्यास विद्वत्तेची खूण वाटू लागते. माणूस बदलला, रीत तीच राहिली.

आणि ह्या रीतीस विद्यापीठांच्या नियमांचे पाठबळ आहे. अध्यापकाची बढती निबंधांच्या मोजणीवर ठरू लागली, तेव्हा निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून घ्या, अशी दुकाने निघाली. ती आवरण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी करण्याची व्यवस्था केली, आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद केली. ह्या उलाढालीत एक प्रश्न कोणीच विचारला नाही: हे वाचतो कोण? केळीवरचा निबंध केळी लावणाऱ्याने वाचला काय, ओव्यांवरचा निबंध ओव्या म्हणणारीने ऐकला काय, ह्याला गुणपत्रिकेत रकाना नाही. रकाना नाही त्या कामासाठी तरुण अध्यापकाने आपला रविवार का घालवावा? त्याला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देत नाही.

लोकांपुढे जाण्याची जी रीत आज रूढ आहे, तिच्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. महाराष्ट्रास व्याख्यानांचे वेड जुने आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, आणि पुढे विद्यापीठांच्या बहिःशाल मंडळांनी व्याख्याने लहान गावांपर्यंत नेली. त्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. आमच्या पिढीच्या कित्येकांनी पहिला प्राध्यापक पाहिला तो ह्याच व्याख्यानांत. परंतु पुढे ह्या कार्यक्रमाचा एक ठरावीक विधी झाला आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, व्याख्यान, आणि मग वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द करून आभारप्रदर्शन. वक्ता बोलतो, गाव ऐकते. गाव बोलले आणि वक्त्याने वहीत टिपून घेतले, असा कार्यक्रम आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

काही आक्षेप मात्र खरोखर विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की, सर्वच संशोधन ओट्यावर सांगण्याजोगे नसते; गणितातले प्रमेय किंवा ताऱ्यांच्या पोटातली घडामोड असोद्यात कोण तपासणार? खरे आहे. ताऱ्यांचा कच्चा माल असोद्यातून गेलेला नाही, तेव्हा तेथे हिशेबाचा प्रश्न निराळा आहे. तरी तेथेही एक वाट जयंत नारळीकरांनी दाखविली होती. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांस ते म्हणत की, सही नको, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर मिळेल आणि त्याखाली सहीही मिळेल. विश्वाच्या उत्पत्तीविषयी फ्रेड हॉइलबरोबर काम केलेला माणूस शाळकरी पोराच्या कार्डास उत्तर लिहीत असे. २०२५ मध्ये ते गेले. अशा माणसाने विज्ञान सोपे करून सांगितले म्हणून त्याची आपण स्तुती करतो. आम्हांस त्याहून मोठी वाटते ती अट: आधी प्रश्न तू विचार.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. एका परदेशी लेखकाच्या शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकास तेथील विद्वानांचे साहाय्य झाले होते, हे निमित्त. ग्रंथ फाडले गेले, हस्तलिखितांची नासधूस झाली. त्या दिवसापासून कित्येक अभ्यासकांनी मनाशी ठरविले असेल की, लोक म्हणजे हेच. ह्यांच्यापासून जितके दूर तितके बरे. आम्ही त्यांना भित्रे म्हणणार नाही. ओट्यावर प्रबंध वाचू म्हटले, आणि गावच्या एखाद्या पुढाऱ्यास किंवा एखाद्या जातीस त्यातले सत्य रुचले नाही, तर काय? ह्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. इतके मात्र दिसते की, त्या पुस्तकात काय लिहिले आहे हे जमावातल्या बहुतेकांस ऐकीव माहीत असणार. आणि ज्या संस्थेत ते शिरले तिच्या कपाटांत आपल्याच वाडवडिलांचे धन आहे, हे त्यांना कधी कोणी दाखविलेले नसणार. हा अपराधावर पांघरूण घालण्याचा प्रयत्न नव्हे; अपराध तो अपराधच. परंतु ज्या घरात आपले कधी जाणेयेणे नाही, त्याच्या काचा फोडावयास हात लवकर उठतो. गावाने ऐकावे आणि चूक दाखवावी, एवढा अधिकार आम्ही मागतो; खोडून टाकण्याचा मागत नाही. निष्कर्ष संशोधकाचा. गावाचा आक्षेप त्याच्याखाली, गावाच्या नावाने, जसाच्या तसा छापावा.

शेतीचे शास्त्रज्ञ ह्या बाबतीत आमच्या वाङ्मयाच्या अध्यापकांच्या पुढे आहेत, कारण त्यांना गत्यंतर नाही. जळगाव जिल्ह्यात केळीवर एक रोग पडतो. शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. काकडीच्या मोझॅक रोगाचा जो विषाणू, त्याचेच हे काम. मावा नावाची कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाडास लागला की औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करावे, आणि केळीत किंवा बांधाजवळ काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, वांगी असली ह्या विषाणूस आसरा देणारी पिके घेऊ नयेत, हा शास्त्राचा सल्ला. आता हा सल्ला निबंधात लिहिणे निराळे, आणि हातातोंडाशी आलेली झाडे उपट असे माणसास तोंडावर सांगणे निराळे. तेथे शास्त्रज्ञास शेतकऱ्याचा शब्द वापरावा लागतो, त्याच्या शेतात उभे राहावे लागते, आणि त्याचा राग ऐकून घ्यावा लागतो. असोद्याचा शेतकरी लगेच विचारील की, आमच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला दोन्हींना २०१६ मध्ये सरकारने भौगोलिक मानांकन दिले. दोन्ही आमची, आणि आता एक दुसऱ्याजवळ लावू नका म्हणता, तर दोन एकरांच्या धन्याने वांगी लावावीत कोठे? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुचत नाही. तो बांधावरच सुचतो. आणि अंतर किती ठेवावे, कोणत्या महिन्यात लावावे, मावा कोणत्या हवेत वाढतो, हे पुढचे संशोधन त्यातूनच निघते. लोकांशी बोलणे हा संशोधनानंतरचा सोहळा नसून संशोधनाचेच एक अंग आहे, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही. वाङ्मयाच्या प्रबंधातील चुकीने कोणाचा मळा वाळत नाही, म्हणून ती चूक पन्नास वर्षे सुखाने नांदते.

आता आमची मागणी. ती लहान आहे. पीएच.डी.विषयीच्या २०१६ च्या नियमांत, प्रबंध सादर करण्यापूर्वी विद्यार्थ्याने दोन परिषदांत निबंध वाचलाच पाहिजे आणि एक निबंध छापलाच पाहिजे, अशी अट होती. २०२२ च्या नियमांत छापण्याची ती सक्ती राहिली नाही. म्हणजे अट घालणे आणि अट काढणे ह्या दोन्ही गोष्टी करता येतात. त्याच नियमांत प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली असावी असेही म्हटले होते. खुली कोणास? सल्लागार समितीस, विभागाच्या अध्यापकांस, इतर संशोधक विद्यार्थ्यांस आणि रस असलेल्या तज्ज्ञांस. असल्या खुलेपणास आमच्याकडे वाड्याचे आतले दार म्हणतात. ह्या यादीत एक ओळ वाढवावी: ज्या गावातून सामग्री गोळा केली, त्या गावातील सामग्री देणाऱ्या व्यक्तींस. आणि विद्यापीठात येण्यासाठी त्यांस एस.टी.चे भाडे भरावयास लावण्यापेक्षा, एक बैठक गावात घ्यावी. प्रबंध कोणत्याही भाषेत असो, त्याचा सार मराठीत, आणि जमल्यास गावच्या बोलीत, तासाभरात सांगावा. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे, त्यांची हरकत नसेल तर, प्रबंधात घालावीत. 'निरक्षर' हे कोणाचे नाव नव्हे. गावाने काढलेल्या चुका आणि घेतलेले आक्षेप परिशिष्टात जोडावेत, आणि ते जोडल्यावाचून पदवीचा कागद पुढे सरकू नये. प्रबंधाची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. खर्च म्हणाल तर एका चर्चासत्राच्या जेवणावळीत अशा दहा बैठका होतील.

हे सर्व विद्यापीठांनी एकदम करावे, असा आमचा आग्रह नाही. पण ज्या विद्यापीठाने निरक्षर बाईंचे नाव आपण होऊन घेतले, त्याने हे आधी केले तर ते शोभून दिसेल, आणि पाटीवरील अक्षरांस अर्थ येईल. बहिणाबाईंच्या गाण्यांवरच्या एखाद्या प्रबंधापासून आरंभ करावा. कारण त्या गाण्यांतले शब्द अजून रोजच्या बोलण्यात वापरणाऱ्या म्हाताऱ्या बाया असोद्यात आहेत, आणि त्या दर वर्षी कमी होत आहेत. पहिल्या बैठकीस जागा मिळाली नाही तर आमच्या घराचा ओटा मोकळा आहे. घरोटही तेथेच आहे, दाखवू. मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी येऊ नये. ऐकावयास बाया घरी सापडणार नाहीत.